पाण्यावरचं पांघरूण

आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यापायी आमच्या हळदीच्या रानाशेजारी पोहण्याचा तलाव झाला. असं एका वाक्यात सांगितलं की ऐकणारे हसतात, पण झालं ते असंच.

नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांचे गुडघे वाकवून पाहिले, फोटो उजेडाला धरून पाहिले आणि म्हणाले की ऑपरेशनची एवढ्यात घाई नको. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात चालावं, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. मग गोळ्या लिहिता लिहिता ते सहज बोलून गेले, "तुमच्याकडं खेड्यात तशी सोय नसेल म्हणा." माणूस भला होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्यांच्या कानात ते वाक्य गेलं ते गेलंच. आमच्या घरात एखादी गोष्ट नाही, हे बाहेरच्या माणसानं म्हणायची रीत नाही. चारचाकी अजून शहराबाहेर पडली नव्हती तोवर मामाजींनी गवंड्याला फोन लावला. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या की वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं तरी मला बरं वाटतं. ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मी सून.

आमचं गाव वारंगा फाट्यावरून आत आहे. जमीन काळी, हळद चांगली, विहिरीला पाणी. मी जवळच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझे यजमान वडिलांबरोबर शेती पाहतात, म्हणजे वडील सांगतात ते पाहतात. धाकटे दीर पुण्याला कंपनीत आहेत आणि फोनवरून आमची शेती सुधारत असतात. तलावाचं कळल्यावर त्यांनी तिकडून इतके व्हिडिओ पाठवले की गवंडी कंटाळून फोन बंद ठेवायला लागला.

डॉक्टरांनी कमरेइतकं पाणी सांगितलं होतं. मामाजींनी एका बाजूला कमरेइतकं ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला माणूस बुडेल इतकं खोल केलं, कारण शहरात तसंच असतं. निळ्या फरशा बसल्या, पायऱ्या झाल्या, पायऱ्यांना चकचकीत स्टीलचा कठडा झाला. गावात कुणी त्याला टाकं म्हणे, कुणी हौद. मामाजी मात्र 'पूल' म्हणत. आमच्या पुलावर या, असं त्यांनी निमंत्रण दिलं की नवखा पाहुणा ओढ्यावरच्या पुलापर्यंत जाऊन परत येई.

दिवाळी झाल्यावर तलाव भरला. बोअरचं पाणी थंडीच्या दिवसांत कोमट येतं, त्यावरून वाफा निघत होत्या. मामाजी काठावर उभे राहून आल्यागेल्याला सांगत होते, "बघा, मशीन न्हाई, काई न्हाई, आपल्या जमिनीलाच गरमी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंना हाताला धरून नेलं. त्यांनी कठडा पकडून पायाचा अंगठा पाण्यात घातला, काढला, आणि सरळ गोठ्याकडे निघून गेल्या. रात्रीतून पाणी असं गार झालं होतं की हात घातला तर बोटं वळेनात.

यावर मामाजींनी काढलेला उपाय आमच्या भागात अजून सांगितला जातो. आमच्याकडे हळद शिजवायचा बॉयलर आहे. हळद काढणीला अजून वेळ होता, बॉयलर शेडमध्ये नुसता उभा होता. तो ट्रॅक्टरला जोडून काठावर आणला, खाली लाकडं पेटवली आणि वाफेचा पाइप थेट तलावात सोडला. पाणी तापलं, हे मान्य केलं पाहिजे. पण त्या पाइपात मागच्या हंगामाची हळद बसली होती. संध्याकाळपर्यंत निळ्या फरशांवर पिवळं पाणी असा एक अपूर्व हिरवा रंग तयार झाला. माझ्या यजमानांनी हौसेनं उतरून पाहिलं आणि ते गळ्यापर्यंत पिवळे होऊन वर आले. दुसऱ्या दिवशी त्यांना बँकेत जायचं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं की घरी कुणाचं लग्न आहे का.

पाणी बदललं, पाइप धुतला, पुन्हा तापवलं. तरी सकाळी पाणी गारच. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की तापवून उपयोग नाही, रात्री वरून झाकायला पाहिजे. मी शाळेत दरवर्षी बाष्पीभवन शिकवते, भांड्यावर झाकण ठेवलं की उष्णता कमी जाते हे फळ्यावर आकृती काढून दाखवते. घरात हे पहिल्याच दिवशी म्हणावंसं वाटलं नाही, कारण तेव्हा पोहे करायचे होते.

आता झाकायचं कशानं, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्या हिवाळ्यात आमच्या ओसरीवर दुसरा विषय निघाला नाही. आमच्या गावात माणसाला स्वतःच्या बायकोच्या दुखण्याचं नाव सांगता येणार नाही, पण दुसऱ्याच्या पाण्यावर काय पांघरावं याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत होतं.

पहिली आली ताडपत्री. यजमान जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून सोयाबीनच्या ढिगावर टाकतात तसली भली थोरली ताडपत्री घेऊन आले. ती ताणून चारी बाजूंनी विटा ठेवल्या. पहाटे वारा सुटला, विटा एकेक करून पाण्यात गेल्या आणि विटांच्या मागोमाग ताडपत्री. ती बाहेर काढायला ट्रॅक्टर लागला. मग शेततळ्याला अंथरतात तो काळा कागद टाकून पाहिला. तो तरंगला, पण तलाव असा भेसूर दिसायला लागला की रानातून येणाऱ्या बाया तिकडे न बघता पदर सावरून जाऊ लागल्या. मग यजमानांना थर्माकोल सुचला. थर्माकोल पाण्यावर तरंगतो आणि गरमी धरतो, दोन्ही खरं होतं. पण कावळ्यांना तो आवडेल हे कुणाला माहीत. आठवडाभरात पाण्यावर पांढऱ्या गोळ्यांची साय धरली आणि ती चाळणीनं काढायचं काम माझ्याकडे आलं.

पुण्याच्या दिरांचं म्हणणं होतं की हे सगळं खेडवळ आहे. त्यांनी बटन दाबल्यावर आपोआप सरकत येणाऱ्या पट्ट्यांच्या कव्हरचा व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा म्हातारा हातात पेला घेऊन बटन दाबत होता. मामाजींना ते फार आवडलं. पण आमच्याकडे शेताची लाइट तिला वाटेल तेव्हा येते, तेव्हा कव्हर अर्ध्यात अडकलं तर म्हातारा काय करील, असं यजमानांनी विचारलं. दिरांनी तिकडून फोन कट केला.

माझंही मत होतं, ते लपवत नाही. फोमचं जाड कव्हर घ्यावं. मी मोबाइलवर वाचून इतकी तयार झाले होते की स्टाफरूममध्ये माझ्यासमोर कुणी थंडीचा विषय काढेनासं झालं. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक म्हणजे नुसतं टीव्हीच्या खोक्यातलं गुंडाळण, असं मी ओसरीवर ठणकावून सांगितलं. ते चूक होतं. पण विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून लोकांनी माना डोलावल्या, आणि मलाही बरं वाटलं.

शेवटी नांदेडहून एका दुकानाचा माणूस नमुने घेऊन आला. पांढरा शर्ट, पाठीवर मोठी बॅग, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यानं तीन तुकडे ओसरीवर मांडले. पहिला निळा, बुडबुड्यांचा. तो पाण्यावर नुसता सोडायचा, बुडबुडे खाली करून, म्हणजे दिवसा ऊन आत जातं आणि रात्री गरमी आत राहते. दुसरा फोमचा. तिसरा जाड विणीचा, तो काठाला खिळे मारून ताणून बसवायचा. या तिसऱ्याबद्दल तो म्हणाला की यावर माणूस उभा राहिला तरी काही होत नाही, लहान लेकरं असलेल्या घरी हेच देतो. नेमका तेव्हाच मामाजींना फोन आला. ते उठून अंगणात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच राहिलं होतं की यावर माणूस उभा राहतो. कशावर, ते अंगणात सांडलं.

ओसरीवर जमलेल्यांनी निळा तुकडा हातात घेतला आणि जे जगात कुठेही होईल तेच झालं. एकानं एक बुडबुडा फोडला. मग शेजारच्यानं. मग माजी सरपंच म्हणाले की आवाज चांगला येतो. तुकडा हातोहात फिरून दुकानदाराच्या माणसाकडे परत आला तेव्हा त्याची चिंधी झाली होती. त्यानं बॅगेतून दुसरा निळा तुकडा काढला. बहुतेक सगळ्याच गावांत त्याच्याशी असं होत असावं.

मामाजी म्हणाले, नुसतं बोलून चालत नाही, परीक्षा पाहिजे. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितला. उकळता चहा काचेच्या ग्लासांत ओतला आणि प्रत्येक ग्लासावर एकेक तुकडा ठेवला. चौथ्या ग्लासावर कुणीतरी स्टीलची ताटली ठेवली, गंमत म्हणून. सगळे ग्लासांकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं मामाजींनी एकेक घोट घेऊन पाहिला. सगळ्यात गरम ताटलीखालचा निघाला. नमुनेवाला घाईघाईनं सांगू लागला की साहेब, पाण्याचं गणित वेगळं, चहाचं वेगळं. मी त्याच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं. मामाजी म्हणाले, "तुमी पुन्हा चहा टाका, हा समद्यांचा थंड झाला."

निवड कशी झाली ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मामाजी तिन्ही तुकडे हातात घेऊन तलावाकडे गेले. फोमचा राखाडी होता, विणीचा हिरवा. बुडबुड्यांचा फरशांच्या रंगाला बराबर जुळत होता. परत येऊन त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं. ज्या गोष्टीवर दोन महिने खल झाला ती साडीच्या दुकानात ब्लाउजपीस निवडावं तशी निवडली गेली. आत्याबाई आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना काय वाटतं हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं, पण तोवर नमुनेवाल्याची गाडी चुकू नये म्हणून त्याला मोटरसायकलवर फाट्यावर पोचवायची धावपळ सुरू झाली.

कव्हर आलं ते मोठ्या गुंडाळीत. अंथरताना पुन्हा वाद. त्या माणसानं बुडबुडे खाली असं सांगितलं होतं, पण मामाजींचं म्हणणं पडलं की चांगली बाजू खाली करून कुणाला दाखवायची, बेडकांना? त्यामुळे बुडबुडे वर राहिले. उन्हात ते असे चमकत की रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले गाडी हळू करत. आणि तरीसुद्धा, उलटं अंथरूनसुद्धा, त्या कव्हरनं काम केलं. सकाळी कोपरा उचलून हात घातला तर पाणी कोमट. मी माझं फोमचं मत मनातल्या मनात मागे घेतलं.

आता आत्याबाईंनी उतरायचं तेवढं बाकी होतं. त्या उतरेनात. सकाळी म्हणत, आज उपास आहे. संध्याकाळी म्हणत, दिवेलागण झाली. मामाजी चिडले. ज्या बाईसाठी एवढा खटाटोप केला तिला किंमत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. येणारेजाणारे पुष्कळ होते, कारण कव्हर बघायला कळमनुरीपासून माणसं येत. ती काठावर उभी राहत, चहा पीत, आणि बाई कधी उतरणार असं विचारत. साठीच्या पुढची बाई गावाच्या डोळ्यांसमोर लुगडं भिजवून पाण्यात का उतरत नाही, हे कोडं आमच्या घरातल्या पुरुषांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

संक्रांत आली. आमच्याकडे दरवर्षी हळदीकुंकू असतं, बायका येतात. मामाजींनी त्याच दुपारी पुरुषांनाही बोलावून घेतलं, कव्हरची माहिती द्यायला. ओसरीवर बायका तिळगूळ घेत होत्या आणि तलावाच्या काठी मामाजी धोतराचा सोगा हातात धरून बोलत होते. आत्याबाई कमी पाण्याच्या बाजूला, सावलीत खुर्ची टाकून पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांना उभं राहून कुंकू लावणं जमत नव्हतं, म्हणून बायकाच त्यांच्याकडे जात होत्या. मी वाणाची वाटी घेऊन त्यांच्या बाजूला उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

गर्दीतल्या एकानं विचारलं की मालक, यावर चुकून कुणी पाय ठेवला तर. मामाजी म्हणाले की माणूस उभा राहतो, दुकानवाल्यानं सांगितलं आहे. माझे यजमान हळूच म्हणाले, "ते दुसऱ्या कव्हरबद्दल होतं बहुतेक." मामाजींनी ऐकलं नाही. आमच्या बांधाला शेळ्या चारणाऱ्या घरातली एक बाई कुंकवाला आली होती, तेवढ्यात तिच्या मागे मागे आलेलं करडू तिळगुळाच्या वासानं बिथरलं, लोकांच्या पायांतून निसटलं आणि सरळ कव्हरवर चढलं. सगळे ओरडले. करडू टणाटण उड्या मारत कोपऱ्यावरून पलीकडे गेलं, काठावर चढलं आणि अंग झाडून उभं राहिलं. त्याचे खूर तेवढे ओले झाले होते.

"बघा," मामाजी म्हणाले, "काय म्हणलं होतं म्या?"

आणि त्यांनी पायातला जोडा काढला. त्यांनी तो काढून नीट बाजूला ठेवला, देवळात जाताना ठेवतात तसा. मग खोल बाजूच्या काठावरून त्यांनी डावा पाय कव्हरवर ठेवला, आणि कुणी हात धरायच्या आत उजवाही.

आवाज असा झालाच नाही. कव्हर मधोमध खाली गेलं, चारी बाजूंनी वर आलं, आणि मामाजी जिथे होते तिथे निळ्या प्लॅस्टिकचा एक चुण्या पडलेला खड्डा दिसायला लागला. त्यात पाणी भरलं. मग कव्हर पुन्हा सपाट व्हायला लागलं, आणि मामाजी त्याच्या खाली.

आमच्या गावाला दोष देत नाही, पण पुढचे क्षण पाहण्यासारखे होते. इकडचे कव्हर इकडे ओढायला लागले आणि तिकडचे तिकडे, त्यामुळे ते मध्ये ताठ झालं, झाकणासारखं. माजी सरपंच दोर आणा म्हणत होते. कुणीतरी बॉयलरचा पाइप आणला. निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरले होते. माझे यजमान काठावर गुडघे टेकून "आबा, आबा" म्हणत होते. आमच्या घरातल्या एकाही पुरुषाला पोहता येत नव्हतं. विहिरीचा मालक असूनही मामाजी कधी विहिरीत उतरले नव्हते, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. मीही वाणाची वाटी हातात घेऊन नुसती उभी होते.

माझ्या बाजूची खुर्ची सरकली. आत्याबाई उठल्या होत्या. त्यांनी लुगड्याचा काचा मारला, इतक्या झटक्यात की हात कसे फिरले ते दिसलं नाही. कठडा धरून त्या दोन पायऱ्या उतरल्या, कव्हरची कड वर उचलली आणि वळून मोठ्यानं म्हणाल्या, "वढू नका. हातातलं सोडा समदे." चाळीस वर्षांत त्या आवाजात त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी सोडलं. त्यांनी श्वास भरला आणि कव्हरखाली गेल्या.

निळ्या प्लॅस्टिकखालून एक सावली खोल बाजूला सरकताना मला दिसली. पोहणाऱ्या माणसाची सावली कशी असते हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती सरळ गेली, कुठे चाचपडली नाही. मग तिथे कव्हर वर उचललं गेलं, काठाशी फटीतून आधी मामाजींचं टक्कल आलं आणि मागून आत्याबाईंचा हात, मामाजींच्या बंडीचा गळा गच्च धरलेला. यजमानांनी आणि दोघातिघांनी त्यांना वर ओढून घेतलं. ते पालथे पडून पाणी ओकले. बराच वेळ खोकले. डोळे लाल झाले होते. यजमान त्यांची पाठ चोळत रडत होते. मग मामाजींनी मान वर केली आणि पहिलं वाक्य बोलले, "कव्हर फाटलं का?"

लोक हसले तेव्हा मी तिथेच फरशीवर बसले. वाटीतले तीळ सगळीकडे सांडले होते.

आत्याबाई बाहेर आल्या नव्हत्या. त्या परत पोहत कमी पाण्याच्या बाजूला आल्या होत्या आणि खालच्या पायरीवर, गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. कपाळाचं कुंकू गालावर उतरलं होतं. मी शाल घेऊन धावले. त्यांनी हातानं थांबवलं.

"राहू दे थोडं," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखून न्हाई राहिले."

मी काठावर बसले. पुरुष मामाजींना उचलून ओसरीवर घेऊन गेले, बायका मागे राहिल्या, आणि त्यांनी कुणी सांगितल्याशिवाय तलावाकडे पाठ करून गोल कडं केलं. मी आत्याबाईंना विचारलं की तुम्हाला पोहता येतं हे कधी सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या की त्यांचं माहेर साखऱ्याकडचं, तिकडे पाण्याची तकलीफ, साऱ्या गावात एकच खोल विहीर. दुपारी पुरुष माणसं रानात गेली की पोरी तिच्यात उड्या टाकायच्या. लग्न होऊन इकडे आल्या तर इथली विहीर बायांनी पाणी शेंदायची, उतरायची नाही. मग सांगून काय करायचं. "आन् इचारलं कुणी?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. कुणी पत्ता विचारला नाही म्हणून सांगितला नाही, असं म्हणावं तसं म्हटलं.

मी विचारलं की मग इतके दिवस उतरला का नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी विज्ञान शिकवते हे त्यांना तेव्हा खरं वाटत नसावं. "समदा गाव चहा पित उभा ऱ्हायचा," त्या म्हणाल्या. "कशी उतरू?"

तर पाणी गरम राहावं म्हणून आम्ही दोन महिने पांघरूण शोधत होतो, आणि पांघरूण ज्याला हवं होतं ते पाणी नव्हतंच.

मामाजी दोन दिवस अंथरुणात होते. गावातला डॉक्टर छाती तपासून गेला, सगळं ठीक म्हणाला. त्या दोन दिवसांत आत्याबाईंनी घरात आणि शेतात जेवढ्या सूचना दिल्या तेवढ्या आधीच्या सगळ्या संसारात दिल्या नसतील. तलावाभोवती उसाच्या पाचटाचा उंच कूड घालून घेतला, त्याला दार लावलं आणि दाराची किल्ली कमरेला खोवली. कव्हर खरंच एका बाजूनं फाटलं होतं. त्यांनी ते तिथेच कापून दोन तुकडे करून घेतले, म्हणजे अर्धं गुंडाळता येईल, आणि उलटून बुडबुडे खाली घातले. त्यांना विज्ञान माहीत होतं म्हणून नाही. वर राहिलेल्या बुडबुड्यांत धूळ बसते आणि ती पुसायला घरात कुणाला वेळ आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. चांगल्या बाजूचा प्रश्न कुणी काढला नाही. मामाजींनीसुद्धा नाही.

ते उठून बसू लागले तसे भेटायला लोक आले. मला वाटलं होतं की आता हा विषय ओसरीवर निघणार नाही. पण पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले तर मामाजी उशीला टेकून सांगत होते की कंपन्या काहीही सांगतात, माणसानं आपल्या अंगावर घेऊन खात्री करायला पाहिजे, म्हणून मी मुद्दाम उतरून पाहिलं. ऐकणारे गंभीरपणे माना हलवत होते. त्यांतले निम्मे त्या दिवशी काठावर मोबाइल धरून उभे होते. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं, आता त्या काही बोलतील. त्या म्हणाल्या, "चहात साखर कमी टाकत जा त्यांच्या," आणि किल्ली घेऊन निघाल्या.

आता रोज दुपारी, जेवणं झाली की, त्या कूड उघडतात. आधी एकट्या जायच्या. मग ती शेळ्यांवाली बाई जायला लागली, तिची कंबर धरते म्हणून. मग आणखी दोघीतिघी. आतून बोलण्याचा आणि पाण्याचा आवाज येतो, हसण्याचा येतो. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाले की फरक आहे, काय केलंत. मामाजींनी घसा साफ केला. पण त्यांनी सुरुवात करण्याआधी आत्याबाई म्हणाल्या, "पवते." डॉक्टरांना ते नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आत्याबाईंनी पुन्हा सांगितलं.

मी अजून शिकते आहे. कमरेला रिकामा डबा बांधून कमी पाण्याच्या बाजूला हातपाय मारते. आत्याबाई म्हणतात की माझं डोकं फार वर राहतं, पाण्यात एवढं डोकं वापरायचं नसतं. यजमानांना अजून आत घेतलेलं नाही. ते कुडाबाहेर मोटर चालू-बंद करायला बसतात आणि मधूनच मोठ्यानं विचारतात की पाणी कसं आहे. आतून कुणीतरी सांगतं, चांगलं आहे.